शेंदराचा लघुग्रह

हे अनंता, तू दगडात आहेस आणि दगडाच्या आधीही होतास. तुला नमन. आता तुझ्याच भक्तांची एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस.

मुलांनो, सावरून बसा.

एका जंगलात, बांबूच्या बेटात, चापडा नावाचा हिरवा साप राहत असे. त्याच्या डोळ्यांच्या आणि नाकपुड्यांच्या मध्ये दोन बारीक खळगे होते. डोळ्यांना न दिसणारा उबेचा प्रकाश त्याला त्या खळग्यांनी दिसे. पंडित त्याला अवरक्त किरण म्हणतात. चापडा त्याला आपली भाकर म्हणे, कारण उंदीर त्याच उजेडात सापडत.

प्रत्येक वस्तू ऊब परत देताना तिच्यातल्या काही छटा स्वतःजवळ ठेवून घेते. काय ठेवून घेतले, ते पाहून वस्तू कशाची आहे हे चापडा ओळखी.

एके सकाळी आकाशातून एक काळा दगड जंगलात पडला. व्याघ्रमहाराजांनी दरबार भरवला. मंत्री कोल्होपंत म्हणाले, "हा महाराजांच्या पूर्वजांनी धाडलेला प्रसाद. आत बावनकशी सोने असणार!"

"चापड्या, बघ रे," महाराजांनी फर्मावले.

चापड्याने मान वळवून वळवून पाहिले. "महाराज, हा लघुग्रहाचा तुकडा. पृथ्वी घडली त्याआधीचा, अजून कोरा. यात काजळी आहे, चिकणमाती आहे आणि मातीत मुरलेले पाणी आहे. सूर्याभोवती हिंडणाऱ्या काळ्या लघुग्रहांच्या उबेतूनही नेमक्या याच छटा गायब असतात."

"आमच्या पूर्वजांनी चिखल धाडला?" महाराज गुरगुरले. माकडे फिदीफिदी हसली. "आठव्या दिवशी सर्वांसमक्ष पुन्हा बघायचे. आजचे आणि तेव्हाचे जुळले नाही, तर बेट सोडून चालते व्हायचे."

"मान्य. तोवर दगडाला तेवढा हात लावू नका."

"हात? शिव शिव!" कोल्होपंत उद्गारले. "फक्त पूजा होईल."

आणि पूजा झाली. अस्वलाने मध ओतला. रानम्हशीने दूध, दही, तूप वाहिले. माकडांनी तेलात कालवलेला शेंदूर बोटबोट जाड फासला. चापडा दुरून तडफडत राहिला.

"कोल्होपंत, पाया पडतो. बोटभर जागा तरी कोरी ठेवा!"

"चापडेराव, तुमच्यात अंगावरची कातही टाकून देतात. आमच्यात देवाला उघडे ठेवत नाहीत."

आठवा दिवस उजाडला. चापड्याने पुन्हा मान वळवून वळवून पाहिले. काजळी, माती, पाणी, एवढे तीन शब्द पुन्हा उच्चारले असते, तर बेट वाचत होते. पण जे दिसत नाही, ते दिसते म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

"मध, तूप, तेल आणि शेंदूर," तो म्हणाला. "महाराज, वरचे थर तेवढेच दिसतात."

त्याचे दुसरे वाक्य नगाऱ्यात बुडाले.

"ऐकलेत?" कोल्होपंत गरजले. "हा दगड पृथ्वीच्या आधीचा, असे हाच म्हणाला होता. आणि त्यात निघाले तूप, शेंदूर! म्हणजे आपली पूजा पृथ्वीच्याही आधीची!"

"अहो, ते तुम्हीच फासलेत!"

"आणि विनय तरी केवढा!" महाराज सद्गदित झाले. "बेट कसले सोडतोस? ही दृष्टी साध्या सापाची नव्हे. हा तर चापडोबा! वाजवा रे!"

चापडोबाला उचलून दगडावर बसवले. माकडांपाशी शेंदूर उरलाच होता. पहिले बोट उजव्या खळग्यात गेले. दुसरे डाव्या. मग दोन्ही डोळे.

भर दुपारी अंधार झाला. गजर मात्र चालू होता. नैवेद्याचा मध चाटून एक लठ्ठ उंदीर वेटोळ्याला टेकून बसला.

"कोण आहे?" चापड्याने विचारले.

"भक्त आहे, देवा," उंदीर म्हणाला, आणि त्याने मिशा देवाच्याच शेपटीला पुसल्या.

तात्पर्य: खरे पाहणाऱ्याला कधीही हाकलून देऊ नये, हाकललेला बाहेरूनही पाहतच राहतो. त्याची मनोभावे पूजा करावी. काम तेच होते, वर पुण्यही लागते.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. तुमच्या घराघरांत देवापुढे दिवा तेवत राहो. आणि त्या उजेडात देव दिसावा, एवढी बोटभर जागा त्याच्या मुखावर कोरी राहो.