परेड मैदानावरची चाल

जमीन निर्धोक आहे की नाही, हे जमिनीला स्वतःला कधीच समजत नाही. ते प्रमाणपत्रावरून समजते. म्हणून कोणत्याही शिस्तबद्ध सैन्यात हे प्रमाणपत्र देण्यासाठी लढाऊ अभियंता नावाचा अधिकारी खास बाळगला जातो.

लढाऊ अभियंत्याची कारकीर्द अत्यंत उज्ज्वल असते. पहिली चार वर्षे त्याला पूल बांधायला शिकवतात, पुढची दोन वर्षे तेच पूल उडवायला. मग सुरुंग पुरायला आणि मग ते काढायला. (या शेवटच्या परीक्षेचा निकाल कायम शंभर टक्के लागतो. नापास झालेले फेरपरीक्षेला बसत नाहीत.) नातेवाइकांना मात्र यातला फक्त ‘अभियंता’ एवढाच शब्द ऐकू येतो. या गोष्टीतल्या कॅप्टनच्या सासूबाई लग्न ठरल्याबरोबर म्हणाल्या होत्या, “बरं झालं बाई, गच्चीची गळती तरी बघतील जावईबापू.” जावईबापूंनी बघितली. गळती अजून आहे, पण तिचा नकाशा उत्तम झाला आहे.

कॅप्टनची बायको पदवीधर होती, अडीच वर्षांच्या मुलीची आई होती, आणि त्यामुळे धोक्याच्या बाबतीत नवऱ्यापेक्षा अनुभवी होती. क्वार्टरमधल्या टेबलांच्या चारही कोपऱ्यांना तिने कापूस बांधला होता. बादलीत चार बोटांहून जास्त पाणी राहू देत नसे. पलटणीकडे सुरुंग हुडकायची अकरा यंत्रे होती, त्यांतली चालू चार. तिच्याकडे यंत्र नव्हते. झोपेतही जागा राहणारा एक कान होता.

तर प्रकरण उभे राहिले ते असे. तणावाच्या काळात सरहद्दीलगतच्या एका माळावर चारशे बारा सुरुंग पुरले होते. तणाव निवळला, कॅप्टनच्या तुकडीने ते काढले. चारशे अकरा निघाले. नियमाप्रमाणे पुन्हा शोध झाला, काही नाही. तिसऱ्या शोधात एक चमचा सापडला. (मेसमध्ये सहा वर्षे एक चमचा कमी भरत होता. त्यामुळे ही मोहीम अंशतः यशस्वी ठरली.)

खात्याला असल्या प्रसंगांची सवय असते. फॉर्ममध्ये ‘संख्या कमी भरल्यास कारण’ असा रकाना आहे आणि त्यात तीन मान्य कारणे छापलेली आहेत: पुरात वाहून गेला, जनावराच्या पायाखाली फुटला, किंवा मुळात पुरलाच नव्हता. माळावर नदी नव्हती. जनावराला मालक असतो आणि मालक अर्ज करतो. तेव्हा कर्नलसाहेबांनी तिसऱ्या कारणावर खूण केली. आकडेवारीही त्यांच्या बाजूने होती. कमी भरलेल्या सुरुंगांपैकी एक्क्याण्णव टक्के मुळात पुरलेलेच नसतात. उरलेले नऊ टक्के पुढेमागे सापडतात. (खात्याला नव्हे.)

अडचण एकच होती. या शाखेत एक जुनी रीत आहे. ती कुठेही लिहिलेली नाही, म्हणून सगळे पाळतात. प्रमाणपत्रावर सही करणारा अधिकारी आधी त्या जमिनीवरून स्वतः चालतो. एकदा लांबीने, एकदा रुंदीने.

“शुक्रवारी चालायचंय,” कॅप्टन घरी म्हणाला. मुलगी जमिनीवर मण्यांची माळ ओवत होती आणि तिची आई मणी मोजत होती.

“आणि तो एक?”

“मुळात पुरलाच नव्हता. सरांनी लिहिलंय तसं.”

“तुला पटलंय?”

“पटलं असतं तर न चालताच सही केली असती.”

“अरे, मग चालतोस कशाला?”

“सही करायची तर चालायला नको का? तेवढं तरी करू दे.”

“तेवढं तरी? पाय काय स्टोअरमधून मागवणार आहेस?” ती म्हणाली, आणि मुलीच्या गालात बोट घालून तिने एक मणी बाहेर काढला. मणी कमी भरला तर तो कुठे असतो, हे कुठल्याही आईला ठाऊक असते. मुळात नव्हताच, असे आजवर एकाही आईने लिहून दिलेले नाही.

बुधवारी कर्नलसाहेबांच्या पत्नीकडे, म्हणजे मोठ्या मॅडमकडे, अधिकाऱ्यांच्या बायकांचा चहा होता. रडून काही उपयोग नसतो हे कॅप्टनच्या बायकोला माहीत होते. उत्साह दाखवला तर मात्र सगळे घाबरतात.

“मॅडम, एक सुचवू? जमीन परत द्यायचा समारंभ आहे ना सोमवारी, तो रस्त्याकडेला कशाला? माळावरच करू या की! मधोमध तंबू. मुलांच्या धावण्याच्या शर्यती ठेवू, पोत्यातल्या उड्या ठेवू. तुमची नातवंडंही आलीयत ना सुट्टीला?”

मोठ्या मॅडमचा कप बशीवर जरा जोरातच टेकला. “नातवंडांना गवताची ॲलर्जी आहे गं.”

“कधीपासून?”

“आहे,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत ही ॲलर्जी सर्वत्र पसरली. कर्नलसाहेबांचा गुडघा दुखावला. प्रमुख पाहुण्यांच्या कार्यालयातून कळले, की पाहुणे मोकळ्या हवेत भाषण करत नाहीत. कर्नलसाहेबांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या ॲडज्युटंटने सूचना वाचून ‘स्तुत्य’ असा शेरा मारला आणि स्वतःची रजा मंजूर करून घेतली. मुळात नसलेला सुरुंग इतक्या लोकांना इतक्या अचूक जागी जाणवल्याची खात्याच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती.

गुरुवारी आदेश निघाला: ‘चाल ही परंपरेची बाब असून परंपरा स्थळनिरपेक्ष आहे. सबब चाल परेड मैदानावर घेण्यात यावी.’

शुक्रवारी सकाळी परेड मैदानावर त्या माळाची लांबीरुंदी चुन्याने आखण्यात आली. झुडपांच्या जागी खुर्च्या ठेवल्या. रुग्णवाहिका उभी केली, कारण नियमात ती आहे. कॅप्टन एकदा लांबीने चालला, एकदा रुंदीने. दात इतके आवळलेले होते, की जबड्याचे हाड लांबूनही दिसत होते. नोंद झाली: ‘चाल पूर्ण. दुर्घटना: निरंक.’ सही करताना त्याने खाली एक ओळ लिहिली: ‘चाललो ती जमीन ही नव्हे.’ कारकुनाने शिक्का नेमका त्याच ओळीवर मारला. (शिक्क्यासाठी जागा तेवढीच होती.)

घरी आल्यावर तो बूट न काढता बसून राहिला. “तूच केलंस ना हे?” त्याने विचारले.

“हो,” ती म्हणाली. “जेवायला वाढू?”

दोन महिन्यांनी तो मेजर झाला. परेड मैदानावरची चाल आता प्रशिक्षणात नमुना म्हणून शिकवतात. खर्च कमी, जोखीम शून्य. त्याची बायको बरीच निवांत झाली आहे. सासूबाई, म्हणजे तिची आई, सगळ्यांना सांगतात, की आमची मुलगी पहिल्यापासून हुशार.

वाचकांचाही जीव एव्हाना भांड्यात पडला असेल. इथवर येताना तुम्हाला एकच घोर होता, तो तरणाबांड बाप सुखरूप घरी येतो की नाही. तो आला. माळ ठरल्याप्रमाणे सोमवारी ज्यांचा त्यांना परत मिळाला आणि ते त्याच आठवड्यात तिथे राहायला गेले. ती माणसे किती, त्यांच्यात अडीच वर्षांची किती, हे या गोष्टीत कुठेच लिहिलेले नाही. तुम्हीही अजून विचारलेले नाही.