भोईरकाकांचा गेटपास

समोरच्या भोईरकाकांना फोन करायचा म्हणजे आधी परीक्षेला बसायचं. तुम्ही "हॅलो" म्हणायचा अवकाश, पलीकडून दरडावणी येते, "गेटपास बोला!"

गेटपास म्हणजे, घरच्यांनाच ठाऊक असेल अशा प्रश्नाचं उत्तर. काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. मालकाच्या जावयालाही पास नाही म्हणून उन्हात उभं करणारा माणूस! एआय कुणाचाही आवाज काढतं हे त्यांच्या कानावर आलं आणि बेलवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या डोक्याला ताप झाला. मी फोन करून विचारते, "काका, पाणी आलं का?" तर म्हणे, "तुझ्या सासूबाई चहात आलं घालायच्या की वेलची?" अहो, इथे माझी बादली रिकामी!

जांभूळ गावातल्या स्वतःच्या थोरल्या बहिणीलाही सोडलं नाही. "विहिरीपाशी तुझा कुठला पाय मोडला होता?"

स्पीकरवर म्हातारी कडाडली, "मेल्या, पाय तुझा मोडला होता! मी पाठीवर घालून आणला तुला!"

काका खूश. "पास! मशीन डावा नाहीतर उजवा म्हणालं असतं."

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, अती होतंय हां. एआयमुळे आजार लवकर कळतात, पोरं अभ्यास करतात. तुम्हाला मेले चोरच दिसतात."

"दिसणारच! आमच्याकडे नवा बॉयलर आला की आधी तपासणी, मग आग. इथे आग आधीच लावलीय. बनवणारेच टीव्हीवर सांगतात, आम्हालाही भीती वाटते. अरे, मग थांबा की लेको!"

मला आणखीच राग आला.

गेल्या महिन्यात काकांना तसा फोन आलाच. थेट मुलाच्या आवाजात. संदीप भांडून कॅनडाला गेला, तेव्हापासून त्यानं बापाला एकदाही फोन केलेला नाही. त्याचे व्हिडिओ मात्र इंटरनेटवर असतात, तिथूनच उचलला असणार आवाज. "बाबा, पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठवा."

काकांनी दारातच सांगितलं आणि मी फणफणले. "हलकट मेले! गेटपास विचारून हाकललंत ना?"

"नाही."

"म्हणजे? खरा वाटला?"

"छे गं. पहिल्या शब्दाला ओळखलं. संदीप मला बाबा नाही, दादा म्हणतो."

"मग बोलत काय बसलात चोराशी?"

काका दाराची कडी उगाच खालीवर करत राहिले. "आवाज त्याचाच होता गं. म्हटलं, जेवलास का? थंडी फार आहे का तिकडे? राग गेला का रे तुझा?"

"मग?"

"मग तिकडच्यानं पैशांचं नाव पुन्हा काढलं नाही. त्यानंच फोन ठेवला."