हक्काचा चोर

आमच्या मामंजींनी पोलीसपाटीलकीच्या साऱ्या हयातीत एकच चोर पकडला. पण तो दर उन्हाळ्यात पकडला.

चोराचं नाव किसना. राणीसावरगावाजवळच्या आमच्या खेड्यात तो रोजंदारी करायचा. होळी झाली की शेतातली कामं सरत, आणि मग कुणाची तरी कोंबडी नाहीतर घमेलं नाहीसं व्हायचं. माल त्याच्याच खोपटामागे सापडायचा. लपवायची अक्कल नव्हती म्हणा, की इच्छा नव्हती म्हणा.

कायद्याने त्याला गंगाखेडच्या ठाण्यात अमीनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, हवाली करायचं. शिपाई येईपर्यंत पाटलाने सांभाळायचं. मामंजी ठाण्याला निरोप धाडायचे तो किसनाच्याच हाती! हा बहाद्दर बाजार फिरून, तंबाखू घेऊन परत यायचा आणि सांगायचा, "ठाण्याचे अमीनसाब दौऱ्यावर हायत म्हनं." की मामंजी "आता काय करावं?" म्हणत पाट मांडायला लावायचे. पाऊस पडेपर्यंत रोज भाकऱ्या थापायच्या मी. वर "पोरी, कारळाच्या चटणीवर तेल घाल की त्याच्या" हेही मलाच. माझा जीव नुसता जळायचा. पण सासूबाई गेल्यापासून मामंजी एकटे बसले की अर्धी भाकर ताटात राहायची, आणि किसना समोर असला की दोन खायचे, हेही मीच बघत होते.

एका वर्षी नवे अमीन घोड्यावरून थेट दारात आले. "चोर किधर है?" म्हणून गरजले.

त्यांच्याच घोड्याला पाणी पाजत असलेला किसना म्हणाला, "मीच, साब."

अमीन चकित. "चोरी काहेकू करता रे?"

"चैतापासून मिरगापतुर कुणी कामाला लावीत न्हाई. मिरग निघाला की मी चोर न्हाई, साब."

अमीन हसले, पण जाताना मामंजींना बजावून गेले, की पुढच्या खेपेला हा परभणीच्या तुरुंगात जाईल.  चार दिवसांनी मामंजी फेटा बांधून गंगाखेडला गेले, रेल्वेच्या मुकादमाच्या हातापाया पडले, स्वतः जामीन राहिले आणि किसनाला रुळावरच्या बारमाही कामाला चिकटवून आले. पाटीलच चोराला जामीन, म्हणून सारा गाव हसला.

पुढचा उन्हाळा बिनचोरीचा गेला. मामंजी रोज चावडीवरून आले की विचारायचे, "कुणाचं काय गेलं का?"

"न्हाई, मामंजी."

"बरं झालं," म्हणायचे आणि अर्धी भाकर ठेवून ताट बाजूला सरकवायचे.

एका दुपारी बघते तर पितळेचा मोठा तांब्या रस्त्याकडच्या ओट्यावर, अगदी कडेला. मी तो आत आणला. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. मामंजीच ठेवत होते. म्हातारा चोराची वाट बघत होता.

सुनेने सासऱ्यापुढे जेवायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर सावरला, तांब्या उचलून आणला आणि माझं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मामंजी, तांब्या मी चोरलाय."

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग पाट माझ्याकडे सरकवला.

"बस," म्हणाले. "जेवल्याबिगर चोराला सोडता येत न्हाई."