न परवडणारं मामूल

दसरा तोंडावर आला असताना जयवंताबाईनं रेणुकाबाईंची साडी परत केली, आणि माणिकरावांच्या घरातली शांतता गेली.

साडी दसऱ्याच्या मामूलाची होती. आदिलाबादेत दसऱ्याला मामूल, म्हणजे सणाची बक्षिसी, चुकत नाही. टपालवाला, गॅसची टाकी आणणारा, लाईनमन, सगळे आठवडाभर आधीपासून दारात नुसते हसून उभे राहतात. मग रोज झाडूपोछा आणि भांडी करणाऱ्या बाईला तर ते द्यायलाच हवं, आणि रेणुकाबाई ते हौसेनं देत. आपल्यासारखं देणारं गल्लीत दुसरं कोणी नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते गल्लीला माहीत होतं.

"नोको बाई," जयवंताबाई पदराला हात पुसत म्हणाली. "दुसऱ्या कोनाले द्या."

"काऊन? रंग नाही आवडला?"

"रंग चांगला हाय."

"मंग?"

"मंग काई नाही. मले नोको." तिनं घासलेली भांडी पालथी घातली आणि ती निघून गेली.

पगार वाढवून मागणारी माणसं रेणुकाबाईंनी पुष्कळ पाहिली होती. दिलेलं न घेणारं माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हतं. कुठं डाग, कुठं विरलेलं आहे का, म्हणून त्यांनी साडी उजेडात धरून पाहिली. संध्याकाळी सून शीतलला घेऊन त्या बाजारात गेल्या आणि साडी बदलून मोठ्या काठाची आणली. दुसऱ्या दिवशी जयवंताबाईनं काठावरून बोट फिरवलं, "लय चांगली हाय, सुनबाईले शोभन," असं म्हणाली आणि तीही परत केली. शीतलला हे म्हणणं पटलं. साडी तिच्या कपाटात गेली.

रेणुकाबाईंच्या नवऱ्याचं, माणिकरावांचं, भांड्यांचं दुकान होतं. बायकांना साडीपेक्षा भांडं प्यारं असतं, असा त्यांचा धंद्यातला अनुभव होता. त्यांनी दुकानातून झाकणासकट स्टीलचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, आणला. जयवंताबाईनं तो वाजवून पाहिला आणि ओट्यावर ठेवून दिला.

जयवंताबाई समोरच्या चंचलकडंही काम करायची. चंचलनं तिला ब्लँकेट दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "समोरून काय भेटलं यंदा?"

"काई नाही," जयवंताबाई म्हणाली. आपण घेतलं नाही, हे सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही, कारण तिला तसं कोणी विचारलं नव्हतं.

बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या संध्याकाळी बायका चौकात फुलं घेऊन जमल्या, तेव्हा एकीनं रेणुकाबाईंचा हात हातात घेतला. "दिवस सारखे राह्यत नाईत बाई. जातीन हेबी." रेणुकाबाईंना वाटलं, ती गुडघेदुखीबद्दल बोलते आहे. त्या म्हणाल्या, "सवय झाली आता." माणिकरावांचा धंदा बसला, याबद्दल गल्लीची उरलीसुरली शंकाही त्या उत्तरानं फिटली.

दोन दिवसांनी मुधोळचा एक माणूस माणिकरावांच्या दुकानात आला. त्यानं एकही भांडं हातात घेतलं नाही. तो भिंती पाहत होता.

"दुकान खाली करून राह्यले म्हने तुमी," तो म्हणाला. "पोराले मोबाईलचं टाकून द्याचं हाय. पत्र्याची गळती नाही ना?"

माणिकराव दुकान नोकरावर सोडून घरी आले आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले. जयवंताबाई भांडी घासत होती, रेणुकाबाई आणि शीतलही तिथंच होत्या.

"जयवंताबाई, खरं सांग. आमचं काय चुकलं? तू मामूल काऊन घेऊन नाही राह्यली?"

जयवंताबाईनं नळ बंद केला. मग म्हणाली, "मालक, तुमचं मामूल मले परवडत नाही."

"परवडत नाही म्हंजे? देनार आमी हावो."

"देता तुमी. मांगच्या दसऱ्याले साडी देल्ली. दुसऱ्या दिशी बाई म्हने, जयवंता, आता घरातल्या गाद्या, रजया सगळ्या खाली काढ. त्याच्या आगुदर डबा देल्ला तं माळा साफ करा लागला. पोळ्याले करंज्या देल्ल्या, तवा खिडक्या. चंचलबाईचं बरं हाय. थे देते अन् इसरून जाते."

"मी काय हुकूम करतो का तुले?" रेणुकाबाईंचा आवाज बारीक झाला. "आपल्या मानसालेच सांगतो आपन."

"म्हनूनच नाही म्हनता येत ना बाई. साडी आंगावर असते, नाही कसं म्हनाव?"

शीतलला खोकला आला. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

शेवटी माणिकरावांनी मध्ये पडून तोड काढली. जयवंताबाईनं गंज घ्यावा, आणि दिवाळी होईस्तोवर रेणुकाबाईंनी जास्तीचं एकही काम सांगू नये. रेणुकाबाईंनी देव्हाऱ्याकडं पाहून होकार दिला. जयवंताबाई गंज डोक्यावर घेऊन, जरा सावकाश, चंचलच्या दारावरून घरी गेली. मुधोळचा माणूस पुन्हा आला नाही.

मात्र शब्द देणं सोपं होतं आणि घर मोठं होतं. दुसऱ्याच सकाळी रेणुकाबाईंना कोपऱ्यात जाळं दिसलं. जयवंताबाई त्याच्या खालून पोछा मारत गेली. रेणुकाबाईंनी तोंड उघडलं आणि "आज गरम होऊन राह्यलं," असं म्हणून मिटलं. ती गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या. माणिकरावांनी स्टूल धरलं. मग पंखे झाले, मग माळा. भीती इतकी बसली, की सांडलेलं तेलही त्या स्वतःच पुसू लागल्या. ते नेहमीच्या कामात धरायचं की जास्तीच्या, हे त्यांना ठरवता येईना. दसऱ्याच्या दिवशी घर लखलखत होतं आणि रेणुकाबाईंना वाकून आपट्याची पानं देता येत नव्हती.

दसरा झाला. चार दिवसांनी जयवंताबाई टोपलंभर सीताफळं घेऊन आली. तिचा भाऊ इंद्रवेल्लीला राहायचा, तिथून ती फळं आली होती.

"तुमी शबूद पाळला बाई," ती म्हणाली. "मले लय बरं वाटलं. खास तुमच्यासाठी निवडून आनले."

रेणुकाबाईंना भरून आलं. त्यांनी तिथंच एक फळ फोडलं. दुसरं फोडलं. जयवंताबाई कौतुकानं बघत होती.

"गोड हाय ना?"

"साखर हाय," रेणुकाबाई बी तोंडात घोळवत म्हणाल्या.

"बाई, एक सांगू का? ऐतवारी माह्या पोरीले पाह्यले वांकिडीचे पाहुने येऊन राह्यले. पुरनपोळीचं जेवन ठेवलं. माह्या हातानं पोळी फाटते. तुमच्यासारखी कोनालेच जमत नाही. येसान काय सकाऊन?"

रेणुकाबाईंनी बी बाहेर काढायला वेळ लावला. टोपलं समोर होतं. "येतो ना," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी रिक्षानं दोघं जयवंताबाईच्या घरी गेली. माणिकरावांना पाहुण्यांबरोबर गप्पा मारायला ओसरीवर बसवलं. रेणुकाबाई चुलीपुढं बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. पोळ्या मात्र अशा झाल्या, की मुलाचे वडील आणखी तूप मागून जेवले आणि ओसरीवरच आडवे झाले. पसंती उठायच्या आधीच कळली.

निघताना मुलाची आई स्वयंपाकघरात आली. तिनं रेणुकाबाईंना कुंकू लावलं आणि हातात ब्लाऊजपीस ठेवला.

"बाई, कोनाकोनाकडं जाता कामाले? आमच्या लग्नात येसान का पोळ्या कराले?"

रेणुकाबाईंनी जयवंताबाईकडं पाहिलं. हा गैरसमज तिनं दूर करावा, अशी अपेक्षा होती. जयवंताबाईनं क्षणभर विचार केला.

"येतीन की," ती म्हणाली. "पन आगुदर मले सांगत जा. लय काम रायते त्यायच्या मांगं."

परत येताना माणिकराव रिक्षात कडेला सरकून बसले. बायको चिडली असेल, आता नवी कामवाली शोधावी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. रेणुकाबाई ब्लाऊजपीसची घडी उलगडून पाहत होत्या. एवढ्या वर्षांत पोळी चांगली झाली असं त्यांना घरात कोणी म्हटलं नव्हतं. मीठ कमी असलं तर तेवढं सांगत.

"आवं," त्या म्हणाल्या, "वांकिडीले सकाळची पयली बस कवा असते?"

"काऊन?"

"पोळी गरमच वाढा लागते. इथून करून नेली तं चामट होते."