विचारण्याचं कलम

"चला होऽऽ, पाटलाच्या मळ्यात चलाऽऽ..." भागीरथा परकरी पोर होती, तेव्हा ही हाक शुक्राच्या चांदणीबरोबर वस्तीत उतरायची. जात्यावरच्या ओवीसारखी लांबवलेली, ऐकायला गोड. तिला 'येत नाही' असं उत्तर कुणी दिलेलं मात्र भागीरथानं कधी ऐकलं नव्हतं. माणसं उठत, कुदळ खांद्यावर टाकत अन् जात. मजुरी नसे. त्याला तेव्हा वेठ म्हणत.

पुढं स्वराज्य आलं, वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, आणि वेठीलाही नवं नाव मिळालं. श्रमदान.

चांदूर रेल्वेजवळच्या त्या गावात सडकेपासून सरपंच खुशालराव पाटलांच्या संत्र्याच्या बागेपर्यंत रस्ता व्हायचा होता. बागेत मंत्री येणार होते. खुशालरावांनी तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातल्या साहेबांना बिनधास्त सांगून टाकलं, "मजुरीचं नाव नका काढू साहेब. वस्तीतले समदे स्वयंसेवक हायेत. अन् आमी पाटीलमंडळी त्याहिचे समर्थक." वस्तीला आधी विचारावं, हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या आज्याच्याही कधी आलं नव्हतं.

साहेब नुकतेच ट्रेनिंग घेऊन आले होते. ते हरखून गेले. "मग स्वयंसेवेचं धोरण स्वयंसेवकांनी आणि समर्थकांनी मिळूनच ठरवलं पाहिजे! मी मंत्र्यांना कळवतो. धोरण ठरल्याशिवाय एक घमेलं हलणार नाही."

खुशालरावांना ठसका लागला. त्या संध्याकाळी वस्तीला पहिल्यांदाच कळलं, की आपण स्वयंसेवक आहोत.

चावडीपुढच्या लिंबाखाली सभा भरली. "समर्थक काय करतील?" साहेबांनी विचारलं.

"आमी धीर देऊ," खुशालरावांचे चुलतभाऊ उत्तमराव पान चघळत म्हणाले.

भागीरथाचा नवरा देवराव उठला. "लिवा साहेब. धीर उन्हात उभं राहून द्यावा. सावलीतला धीर आमच्यापावतर येत नाही."

"वा!" साहेबांनी लिहून घेतलं. "आणि पाणी?"

"समर्थकाच्या हिरीचं. बादली आमीच सोडू."

उत्तमरावांनी पान गिळलं. "दादा, हे काय होऊन राहिलं?"

"चूप बस," खुशालराव दात आवळून म्हणाले. "मंत्री काय उडत येईन बागेत?"

मग पदर सावरत भागीरथा उभी राहिली. "एक कलम माह्यं. स्वयंसेवकाले हाक मारू नये. त्याच्या घरात बसून, त्याच्या घरचा चहा पिऊन इचारावं, येता का म्हणून."

"भागीरथे!" खुशालराव कडाडले.

"भागीरथाबाई म्हणा," साहेब वही न सोडता म्हणाले. "धोरणात आदर हवाच."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव कुडाआडून पाहत असताना खुशालराव देवरावाच्या उंबऱ्यापाशी वाकले. पाठीमागं वही घेऊन साहेब. गोधडीवर बसताना पाटलांनी धोतर असं आवरलं, जणू खाली निवडुंग अंथरलाय. भागीरथानं कपबशी पुढं ठेवली. गुळाचा चहा, त्यात गवती चहाची पात. पहिला घोट त्यांनी डोळे मिटून काढ्यासारखा घेतला. दुसऱ्या घोटाला जिभेनं दगा दिला, चहा आवडला. तिसऱ्यानंतर बशी रिकामी होती.

घसा खाकरून ते म्हणाले, "भागीरथाबाई, श्रमदानाले येता का?"

देवराव बायकोकडं पाहत राहिला.

"लय बरं वाटलं पाटील, तुमी आले, बसले, इचारलं."

खुशालरावांचा जीव भांड्यात पडला. "मंग घ्या कुदळी! धोरणातलं समदं केलं मी."

"केलं ना." भागीरथानं कपबशी उचलून बाजूला ठेवली. "पण इचारलं म्हंजे दोन उत्तरं असतेत. एक आमी पिढ्यान् पिढ्या देत आलो. दुसरं गिळत आलो. ते आज देतो."

आणि ओवीची शेवटची ओळ म्हणावी तशा हळू आवाजात ती म्हणाली, "नाही."