सोनाजीबापूंचा नववा सीझन

अख्ख्या जगात एकाच माणसाला तो नववा सीझन आवडला होता, आणि तो माणूस पुंडलिकनगरात आमच्या डोक्यावर राहतो.

सोनाजीबापू आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागं कन्नड तालुक्यातल्या डोंगरात हिंडले, मग सगळी नोकरी एका कॉलेजच्या बागेत माळी म्हणून केली. आता सत्तरीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात रिमोट घेऊन ते जपानी कार्टून बघतात. कार्टून म्हटलेलं त्यांना खपत नाही. "अ‍ॅनिमे म्हणा, मॅडम. कार्टून लेकरं बघतात," असं मला, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला, त्यांनी पहिल्याच महिन्यात बजावलं.

अंगात अचाट शक्ती असलेल्या पोरापोरींची एक टोळी शहराचं रक्षण करते, अशी ती मालिका. आठ सीझन झाले तरी ते शहर काही सुरक्षित होत नाही. पात्रांची जपानी नावं बापूंच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी मेंढरांना देतात तशी, रूप बघून नावं दिली. उडणारा तो वाऱ्या, हातातून जाळ काढणारी ती ठिणगी, दगड होऊन बसणारा तो धोंडू. या मंडळींचे दाखले ते कुठंही देतात. उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. मी रिकाम्या पिंपाशेजारी चरफडत उभी होते तर जिन्यावरून आवाज आला, "दम धरा, मॅडम. वाऱ्यानं चौथ्या सीझनात सतरा दिवस पाण्याबिगर काढले." मी म्हटलं, त्याला भांडी घासायची नव्हती.

एपिसोड संपला की ते गच्चीवर जाऊन बसतात. डोळे अर्धे मिटलेले, तोंड डोंगरांकडं. वाऱ्या आता कुठं पोचला असेल, त्या टेकाडामागं की त्याच्याही पलीकडं, असलं काहीतरी हळू आवाजात चाललेलं असतं. मी वाळवण उचलायला गेले की दोन मिनिटं उभी राहते आणि वीस मिनिटांनी भानावर येते. एकदा तर एका पांढऱ्या ढगाचं टोक हललं तेव्हा मला खरोखर वाटलं, आला वाटतं.

या सगळ्याचं मूळ रेणू. रेणू म्हणजे बापूंची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ती दहावीत होती. घरात दोघंच, बोलायचं काय हा प्रश्न. तेव्हा तिनं ही मालिका लावली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी. बापूंना दोन्ही येत नाही, म्हणून रेणू शेजारी बसून त्या ओळी आपल्या बोलीत सांगायची. पुढं ती नोकरीसाठी चेन्नईला गेली, पण रिवाज मोडला नाही. दर रविवारी दुपारी तीनला दोघं आपापल्या ठिकाणी एपिसोड एकदम सुरू करतात आणि रेणू फोनवरून वाचत जाते. अर्धा तास. आठवड्यातलं त्यांचं खरं बोलणं तेवढंच, कारण एरवी फोनवर "कशी हाय?" "मजेत" एवढ्यावर कारभार आटपतो.

आणि यंदा नववा सीझन आला तो असा रटाळ. मारामारी नाही, उडणं नाही. सगळे वीर कुठं ना कुठं उभे राहतात आणि विचार करतात. दहा मिनिटं जुन्या आठवणी, पाच मिनिटं ढग. शेवटी रेणू म्हणाली, "बापू, सोडून देऊ हे. उगं तुमचा रविवार जातो. अजून एक एपिसोड बघू अन् बस करू."

बापू हादरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सीझनचा प्रचारच सुरू केला. उस्मानपुऱ्यात मोबाइल दुरुस्त करणारे सलीमभाई ही मालिका बघतात, त्यांच्याकडं आधी गेले. सलीमभाई म्हणाले, "नक्को बापू, इसमें कुछ दम नै. सब हीरो लोगां खाली खडे रैते."

"खडा रैना भी काम है," बापू म्हणाले. "मेंढरामागं माणूस दिवसभर काय करतो मग?"

तिथून ते माझ्याकडं आले. "मॅडम, ह्या सीझनमधी चांगलं काय काय हाय, बघून सांगा. रेणूला पटवायचंय."

मी इमानेइतबारे दोन एपिसोड लावले आणि दोन्ही वेळा गाढ झोपले. तसं सांगितल्यावर बापू रागावले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले, टोपी सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "रविवारी वर या. बोलू नका काई. फकस्त खालचं इंग्रजी वाचा अन् रेणू काय सांगती ते ऐका. मला वाटायलंय, ती वाचत नाय."

"म्हणजे?"

"वाऱ्याचं तोंड हलतं एकदा अन् तिची वाक्यं पाच. लहानपणी मेंढराचं तोंड बघून दुखणं ओळखायचो मी. पण मला वाचता येत नाय, मॅडम. खात्री कोण करणार?"

रविवारी मी वर गेले. खिडकीला हिरवी चादर लावलेली, त्यामुळं खोलीत तळ्याच्या तळाशी असावा तसा उजेड. पंखा फिरत होता. फोन मधे स्टुलावर. "एक, दोन, तीन, चालू," रेणूचा आवाज आला.

वाऱ्या एका उंच भिंतीवर एकटा उभा होता. खाली ओळ आली. पहाटेपर्यंत भिंत राखायची आहे. बस, एवढंच.

रेणू सांगू लागली, "वाऱ्या म्हणायलाय, इथं तीन वर्षं झाली, पण मला नावानं हाक मारणारं कुणी नाय. सगळे कामापुरतं बोलतात."

पडद्यावर ढग सरकत होते. ओळ नव्हती.

"म्हणायलाय, भात खाऊन पोट भरतं, पण जेवल्यावानी वाटत नाय. घरी इचारलं की मजेत म्हणतो. कशाला त्येंच्या जिवाला घोर."

आता मला कळलं. आठ सीझन मारामारीत गेले, रेणूला ओळी वाचतानाच धाप लागायची. या सीझनात सगळे गप्प उभे राहिले आणि पोरीला बोलायला जागा मिळाली. जगानं शिव्या घातलेला तो सीझन बापूंनी असा उराशी का धरला होता ते माझ्या लक्षात आलं आणि मला माझ्या त्या दोन झोपांची लाज वाटली.

बापू पडद्याकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते. मी नकारार्थी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते.

ते फोनकडं वाकले. "रेणे, धोंडू काय म्हणतो त्याला?"

"धोंडू कुठाय बापू ह्यात? वाऱ्या एकटाच हाय."

"मागं बसलाय की दगड होऊन. तुला दिसंना व्हय? त्यो म्हणायलाय, मजेत मजेत काय लावलंय, मला कळतं सगळं. खुशाल रड म्हणावं. अन् चार दिवस सुट्टी टाकून ये."

वाऱ्या भिंतीवरून उतरला. शेवटचं गाणं वाजलं, जपानी नावं वर वर सरकत गेली. कुणीही बटण दाबलं नाही. पलीकडं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

मग रेणू अगदी वाचल्यासारखी, एकेक शब्द सांभाळत म्हणाली, "बापू, वाऱ्या म्हणायलाय, शुक्रवारी गाडीत बसतो."

पडदा केव्हाचा काळा झाला होता.

"बसू दे," बापू म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून तिनंच तोंड पुसलं.