नमुना क्रमांक तीन

मोठ्या दिरांची कादंबरी बाजारात येऊन तीन महिने झाले होते आणि दशांशबाईंनी ती अजून वाचली नव्हती. कादंबरी खपत होती. दुसरी आवृत्ती निघाली होती. सही केलेली एक प्रत दशांशबाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर होती आणि तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं असे. रोज सकाळी त्या चष्मा उचलत, पुस्तकाकडे पाहत आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत निघून जात.

दशांशबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेतच पडलं होतं. कँटीनचा चहा कसा आहे असं कुणी विचारलं, तर त्या एक घोट घेत, थोडं थांबत आणि "सहा पूर्णांक दोन" म्हणत. त्यात कुचेष्टा नसे. तेवीस वर्षांत त्यांनी न तपासलेल्या पाण्याच्या अहवालावर सही केली नव्हती आणि तपासलेल्या पाण्याला उगाच बरं म्हटलं नव्हतं. अडचण तीच होती. कादंबरी वाचली की भाऊजी मत विचारणार, आणि मत विचारलं की त्या सांगणार.

"नुसतं 'छान आहे' म्हण ना," नवरा म्हणाला. "दोन शब्द. कुणाचं काय जातंय?"

"न वाचता?"

"वाचून म्हण."

"आणि वाचून छान नसलं तर?"

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वरच्या मजल्यावर त्याचा मोठा भाऊ राहत होता, आणि दोन मजल्यांमध्ये जिना एकच होता.

त्या जिन्याने दशांशबाई रोज संध्याकाळी पाच वाजता वर जात. जाऊबाई चहा टाकत. दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून तो पीत. जाऊबाईंच्या चहाला दशांशबाईंनी एकदा नऊ पूर्णांक एक दिले होते. त्या दोघींच्या मैत्रीत यापेक्षा जास्त प्रेमाचं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नव्हती. जाऊबाईंनी एकदाच, पातेल्याकडे बघत विचारलं होतं, "वाचलंस का गं?" दशांशबाई "नाही अजून" म्हणाल्या. जाऊबाईंनी गॅस बारीक केला.

भाऊजी जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी सातशे पानं लिहून काढली. त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे, म्हणून दोन वर्षं रोज दुपारी बसून जाऊबाईंनी त्याची सुवाच्य प्रत केली. ती छापून आली तेव्हा पुस्तक दोनशे बारा पानांचं झालं. याचं भाऊजींना नवल वाटलं नाही. "छापलं की अक्षर बारीक होतं," त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. पुस्तकाचं नाव होतं 'चौथा खुंट'. छापील पुस्तक त्यांनी उघडलं नाही. "लिहून झालं की मी मागे वळून बघत नाही," असं ते म्हणत. वाचकांची पत्रं येत, त्यांना उत्तरं जाऊबाई लिहीत. रस्त्यात कुणी थांबवून "शेवट फार आवडला हो" म्हणालं, तर भाऊजी क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "शेवट माझ्या हातात नसतो."

तर अशा दिवसांत कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी दशांशबाईंना गाठलं.

"बाई, वाचन सप्ताह आहे. सध्या सगळ्यात जास्त मागणी असलेली दहा पुस्तकं तुम्ही वाचायची आणि प्रत्येकावर चार ओळींचं खरं मत द्यायचं. फलकावर लावतो. तुमच्यासारखं खरं कुणी बोलत नाही."

"नावं झाकून दिलीत तर वाचेन," दशांशबाई म्हणाल्या. "नमुना कुणाच्या विहिरीतला आहे हे तपासणाऱ्याला माहीत नसावं."

ग्रंथपाल हौशी गृहस्थ होते. त्यांनी दहाही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, नावाचं पान चिकटवून टाकलं, आणि पानांच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं होतं तिथे पांढऱ्या पट्ट्या लावल्या. दोन हजारांवर पट्ट्या झाल्या. कव्हरांवर एक ते दहा आकडे घातले आणि कुठला आकडा कुठल्या पुस्तकाचा याची यादी पाकिटात बंद केली. पाकीट रविवारी सगळ्यांसमोर फोडायचं. मतं मात्र बुधवारी लावायची, नुसत्या आकड्यांखाली. म्हणजे लोक तर्क करतील. दिरांचं पुस्तक दहात आहे का, हे दशांशबाईंनी विचारलं नाही. ग्रंथपालांनी सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी फलकापुढे गर्दी झाली.

'नमुना १. गुण ५.५. खून पहिल्या पानावर होतो. खुनी कोण ते चौथ्या पानावर कळतं. उरलेली तीनशे पानं पोलिसांना कळावं म्हणून आहेत.'

'नमुना ३. गुण ८.६. कुठे काही घडत नाही आणि पुस्तक खाली ठेवता येत नाही. एक शब्द फुकट गेलेला नाही. लिहिणाऱ्याने आधी पुष्कळ असलेलं निर्दयपणे कापलेलं दिसतं.'

'नमुना ५. गुण ४.०. यशाचे एकवीस मार्ग. त्यातले सतरा म्हणजे लवकर उठणे.'

'नमुना ८. गुण २.३. एकूण अकरा वादळं. मोजून घेतली. प्रत्येक वादळात नायक उघड्या खिडकीशी उभा राहतो. खिडकी लावून घेतली असती तर पुस्तक साठ पानांत संपलं असतं.'

भाऊजी काठी टेकत आले. पहिल्यापासून शांतपणे वाचत गेले. आठव्या चिठ्ठीशी थांबले, चष्मा पुसून त्यांनी ती परत वाचली आणि मग सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे माझं पुस्तक आहे!"

"तुमचं?" शेजारचा माणूस म्हणाला. "मला तर ते दुसऱ्या कुणाचं तरी—"

"वादळं माझी आहेत. खिडकी माझी आहे. मी लिहिलंय का तुम्ही?"

त्या माणसाला आपलं पुस्तक बदलायचं राहिल्याचं आठवलं.

त्या दिवशी पाच वाजता दशांशबाई जिन्यावर पाय ठेवतात तोच वरून आवाज आला. "तिथेच थांब. घरातल्या घरात दोन पूर्णांक तीन? माझ्या खिडकीचा आणि तुझा संबंध काय?"

"भाऊजी, कुठलं पुस्तक कुणाचं ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना! ती चिठ्ठी काढून टाक. तोवर या घरात तुला चहा नाही."

दशांशबाई पायरीवर उभ्या राहिल्या. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"अहवाल काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "तक्रार असली तर फेरतपासणी मागता येते. दुसऱ्या परीक्षकाकडून."

"दुसरा परीक्षक मी!" भाऊजी म्हणाले. "आठ नंबर मी वाचणार. आणि तो तीन नंबरही. बघू, एवढं काय सोनं लागलंय त्याला! आणि माझं मत तुझ्या मताशेजारी लागलं पाहिजे. सहीनिशी."

दशांशबाईंनी प्रयोगशाळेचे फेरतपासणीचे दोन छापील अर्ज खालून वर पाठवले. ग्रंथपालांनी दोन्ही खाकी पुस्तकं पोचती केली. गुरुवारी आणि शुक्रवारी जिना ओस होता. दशांशबाई पाच वाजता घरीच चहा करत आणि तो चार पूर्णांक आठच्या पुढे जात नसे.

शनिवारी सकाळी भरलेले अर्ज खाली आले.

'नमुना ८. गुण ९.८. भव्य. खिडकीचे प्रसंग तर वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. दोन दशांश केवळ विनयापोटी कापले आहेत. परीक्षकाचा नमुन्याशी काही संबंध आहे काय? – आहे. लेखक.'

'नमुना ३. गुण १.४. नायकच नाही. पुस्तकभर एक बाई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते आणि कपड्यांवरून त्यांची घरं ओळखते. वादळ एकही नाही. लिहिणाऱ्याला जगाचा अनुभव नाही. परीक्षकाचा नमुन्याशी काही संबंध आहे काय? – मुळीच नाही.' 'मुळीच'खाली दोन रेघा होत्या.

दशांशबाई अर्ज घेऊन वाचनालयात निघाल्या, एवढ्यात जाऊबाई जिना उतरून आल्या. त्या कधी खाली येत नसत. हातात झाकण ठेवलेला कप होता.

"ते आंघोळीला गेलेत," त्या म्हणाल्या. "घे, गरम आहे. तीन नंबरला काय दिलं गं त्यांनी?"

दशांशबाईंनी अर्ज पुढे केला. जाऊबाईंनी तो वाचला आणि त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

"इस्त्री करताना मी कपडे बघायची," त्या म्हणाल्या. "तिथून सुचलं."

दशांशबाईंनी झाकण काढलं, परत ठेवलं. पलंगाशेजारच्या पुस्तकावरून चष्म्याचं घर उचललं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर इस्त्रीवाली निखारे फुंकत होती. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

"वहिनी, भाऊजींची सातशे पानं?"

"अठरा वादळं होती त्यात. मी पहिलं काढलं ना, तेव्हा म्हटलं, परत घालू नंतर. पण काढल्यावर बरं दिसलं. मग दुसरं काढलं. मग खिडकी काढली. खिडकी गेल्यावर नायकाला उभं राहायला जागाच उरली नाही."

"त्यांचं काय ठेवलंत?"

"पुस्तकाचं नाव. ते चांगलं होतं."

"आणि आठ नंबर कुणाचं मग?"

"मला काय माहीत? खिडकीशी उभे राहणारे खूप असतात." जाऊबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "उद्या पाकीट फोडतील. त्यांच्याच पुस्तकाखाली त्यांच्या सहीचं एक पूर्णांक चार लागेल. गावभर हसू होईल त्यांचं. ते मग लिहायचं सोडतील."

"बरं होईल की."

"अगं, ते लिहिताहेत म्हणून मी लिहितेय. 'सुवाच्य प्रत करतेय' म्हटलं की दुपारी दोन तास कुणी हाक मारत नाही मला. नुसतं 'मी लिहितेय' म्हटलं तर लगेच कुणाला तरी टॉवेल सापडायचा नाही." त्यांनी अर्जाकडे बोट केलं. "तो अर्ज फाडता नाही का येणार?"

तेवीस वर्षांत दशांशबाईंनी एकही कागद फाडला नव्हता. त्यांनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि मागची बाजू वाचायला घेतली. तिथे बारीक अक्षरांत नियम छापलेले होते. ते त्यांना पाठ होते, तरी त्यांनी बोट ठेवून वाचले.

"फाडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आठ नंबरच्या अर्जावर त्यांनी संबंध आहे असं लिहिलंय. संबंध असलेल्या परीक्षकाचा अहवाल बाद होतो. आणि कलम सहा. एक अहवाल बाद झाला, की त्या परीक्षकाचे त्याच वेळचे सगळे अहवाल बाद."

"म्हणजे?"

"म्हणजे फलकावर काही लागणार नाही. अर्ज पाच वर्षं माझ्या कपाटात राहतील. कुलपात."

जाऊबाईंनी श्वास सोडला. "चहा निवला असेल," त्या म्हणाल्या. दशांशबाईंनी तो उभ्याउभ्या पिऊन टाकला. निवला होता. त्यांनी गुण सांगितले नाहीत.

भाऊजींना हा निकाल दुपारी जिन्यातून कळवण्यात आला.

"म्हणजे मी लेखक आहे हा दोष झाला?"

"तपासणीपुरता, हो."

"ठीक आहे. उद्या पाकीट फुटू दे. मग तुझ्या त्या दोन पूर्णांक तीनचं काय करायचं ते बघतो मी. सगळ्यांसमोर उभा राहून बोलणार आहे."

रविवारी सगळ्या खुर्च्या भरल्या. भाऊजी पहिल्या रांगेत बसले. खिशात भाषणाचे चार कागद होते. ग्रंथपालांनी पाकीट फोडलं, पण एकापासून न जाता त्यांनी मुद्दाम सगळ्यात कमी गुणांपासून सुरुवात केली. त्यांना त्यात रंगत वाटत होती.

"नमुना आठ!" त्यांनी जाहीर केलं आणि पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वाचलं. ते बाजारपेठेतल्या दातांच्या डॉक्टरांचं निघालं. डॉक्टर तिसऱ्या रांगेत होते. ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

भाऊजी अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. आपण उठतोय की बसतोय हे त्यांचं ठरेना. एकेक नाव निघत गेलं. शेवटी ग्रंथपालांनी आवाज चढवला, "आणि सर्वांत जास्त गुण. आठ पूर्णांक सहा. नमुना तीन. 'चौथा खुंट'!"

टाळ्या पडल्या. दशांशबाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं नाही. जाऊबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

"दोन शब्द बोला, साहेब," ग्रंथपाल म्हणाले.

भाऊजी पुढे गेले. खिशातले चार कागद त्यांनी बाहेर काढले, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवले. मग डोळे मिटले. या वेळी क्षणभरापेक्षा बराच जास्त वेळ.

"शेवट माझ्या हातात नसतो," ते म्हणाले आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या पडल्या. एवढं कमी बोलणारा लेखक लोकांनी पाहिला नव्हता.

सोमवारी पाच वाजता दशांशबाई जिना चढून वर गेल्या. कुणी अडवलं नाही. भाऊजींच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"काल घरी आल्यापासून आत आहेत," जाऊबाई ओट्याशी पुटपुटल्या. "जेवायला आले तेव्हासुद्धा पुस्तक हातात."

आतून पान उलटल्याचा आवाज आला. दोघी चहाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. आधी त्यांनी दशांशबाईंकडे पाहिलं. मग जाऊबाईंकडे. मग कोपऱ्यातल्या इस्त्रीकडे.

"ती इस्त्रीवाली शेवटी दुकान बंद करून निघते," ते म्हणाले. "कुठे जाते ती?"

जाऊबाईंनी चहा गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"ते दुसऱ्या भागात आहे," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी मान हलवली. पुस्तकाच्या कव्हरावरच्या आपल्या नावावरून एकदा अंगठा फिरवला.

"आणि तो मी कधी लिहिणार आहे?" त्यांनी विचारलं.

"उद्या दुपारपासून," जाऊबाई म्हणाल्या. "टॉवेल तुमचा तुम्ही शोधायचा."